एकतीस टोप्या

शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या शिड्यांच्या कारखान्यात एकतीस टोप्या होत्या, आणि एकीखालीही डोकं नव्हतं.

मी स्वतः मोजल्या. कापायच्या यंत्रावर एक, पायऱ्या बसवायच्या लाकडी घोड्यावर सहा, रिव्हेटच्या बाकांवर रांगेने बारा, तराजूवर एक, बाकीच्या टोप्या शिड्यांच्या डोक्यांवर. आणि डोकी? ती बाहेर अंगणात. माझ्या नातवाच्या, एस्पेनच्या, जेवणासाठी काल संध्याकाळी मांडलेल्या लांब टेबलांभोवती एकतीस माणसं उन्हात उघड्या डोक्यांनी बसलेली. कुणी ओरडत नाही, कुणी गात नाही. एकमेकांना मीठ देतात तेवढंसुद्धा बोलत नाहीत. आमच्या खोऱ्यात ऑगस्टमध्ये टोपीशिवाय बसायचं म्हणजे मुद्दामच बसायचं.

टोपीचं तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे शिडीत काही खोट दिसली, दिसली नाही पण नुसती वाटली, तरी माणसाने आपली टोपी काढून त्या मालावर ठेवायची. ठेवली की काम थांबलं. ती टोपी ज्याची त्यानेच उचलायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. मालकानेसुद्धा नाही. मालकाने काय करायचं? स्वतः कॉफी ओतून टोपीवाल्याला नेऊन द्यायची आणि कप अर्धा होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. अर्धा कप झाला की म्हणायचं, "सांग." बस. रागवायचं नाही, उगाच थांबवलंस म्हणायचं नाही. माझे सासरे क्नूट यांनी हे सुरू केलं. एकदा त्यांचा एक सुतार टोपी ठेवून गावाला गेला, आणि ती टोपी इतके दिवस तिथे राहिली की त्यात पाखरानं घरटं केलं. तीन पिल्लं झाली. ती उडून जाईपर्यंत सासऱ्यांनी एक शिडी बाहेर जाऊ दिली नाही, आणि पिल्लांना किडे स्वतः आणून घातले. त्यातलं एक पिल्लू पुढे बरीच वर्षं पगाराच्या दिवशी यायचं. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

पण एकतीस टोप्या एकदम? हे सासऱ्यांनीही पाहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात परत आले. आमचं घर कारखान्याला चिकटूनच, मधे एक दार. हाल्व्होर खिडकीशी उभा होता. माझा मुलगा, सहासष्ट वर्षांचा, आज दुपारी बाराला सगळ्यांसमोर कारखाना आपल्या मुलाच्या हातात देणार होता आणि सोमवारी अलास्काला मासे धरायला जाणार होता. गळ, दोऱ्या, उंच बूट, सगळं दाराशी बांधून ठेवलेलं.

"आई, हे काय चाललंय?"

"मला काय विचारतोस? मालक तू."

"रिव्हेटवाली रोसाउरा सगळ्यांच्या पुढे बसलीये. गाल सुजलाय तिचा. मी विचारलं तर नुसती बघत राहिली माझ्याकडे."

तेवढ्यात बेरिट आली. माझी मुलगी. रिव्हेटचा, म्हणजे पायऱ्या ठोकून जोडायचा, सगळा विभाग तिच्या हाताखाली. चाळीस वर्षं त्या खटखटाटात काढून ती जरा मोठ्यानेच बोलते, पण आज हळू बोलली, म्हणून मला भीती वाटली.

"दादा, काल दुपारी रोसाउराने साठ शिड्यांच्या थप्पीवर टोपी ठेवली. ती दाढ काढायला गेली. तू गावात होतास, मी पत्र्याच्या गाडीबरोबर होते. ती परत आली तेव्हा टोपी तिच्या खुंटीला टांगलेली, आणि शिड्या गायब."

"म्हणजे कुणीतरी..."

"कुणीतरी नाही. मालकाच्या खुर्चीवर काल एकच जण होता."

आणि बघा वेळ कशी असते, त्याच क्षणी एस्पेन आत आला. नवा पांढरा शर्ट, केस ओले, आणि काखेत एक मोठी चौकट. हसत होता बिचारा. चौकट त्याने टेबलावर उभी केली. जाड कागदावर निळ्या अक्षरांत छापलेलं: आमची मूल्ये. खाली पाच ओळी. विश्वास, सुरक्षितता, असं काय काय.

"आजी, कशी वाटते? दारासमोर लावणार आहे. बाराला उघडायची."

बेरिटने ती पाचही ओळी वाचल्या. सावकाश. बोट ठेवून.

"यात टोपी कुठे आहे रे?"

त्याचं हसू गेलं. गेलं म्हणजे कुठे लपायला गेलं नाही, सरळ खाली पडलं. पोरगं लबाड नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. लबाड माणसाचा चेहरा आधी विचार करतो.

"मीच काढली," तो म्हणाला.

*

आता त्याच्या मनात काय होतं ते त्याने मला पुढे सांगितलं, शिडीला टेकून, त्यामुळे यात माझा मीठमसाला नाही. फार नाही.

शुक्रवारी डेल्बर्टचे तीन फोन आले होते. डेल्बर्ट म्हणजे नदीपलीकडच्या मोठ्या सफरचंदाच्या बागेचा मुकादम. सोमवारी तोडणी, साठ शिड्या कुठेत? साठ शिड्यांची ती ऑर्डर एस्पेनने स्वतः आणलेली, पहिलीच. सिएटलला शिकून आला, सात वर्षं कचेरीत बसला, पण बाकांवरची माणसं त्याला अजून 'हाल्व्होरचा मुलगा' म्हणायची. त्याला एकदा तरी 'एस्पेनचा माल वेळेवर गेला' असं ऐकायचं होतं. थप्पीवर टोपी बघितली तेव्हा तो कॉफी ओतायला गेलासुद्धा होता. पण कॉफी द्यायची कुणाला? रोसाउरा दाढेच्या डॉक्टरकडे. मग त्याने दहा शिड्या काढल्या, प्रत्येकीवर खडीची पोती लादली, स्वतः चढला, उड्या मारल्या. एकही हलली नाही. त्याला वाटलं, दाढेच्या दुखण्यात बाईला भास झाला असेल. टोपी उचलली. ती फार हलकी लागली म्हणे हाताला.

"दहा तपासल्या मी, आत्या! दहा! तपासणीच्या नियमात तीनच सांगितल्यात."

"तुझ्या नियमात. आमच्यात टोपी उठेपर्यंत शून्य."

"ती काही सांगून गेली असती तर..."

"कुणाला सांगणार होती? कॉफी घेऊन कोण गेलं?"

"बेरिट, पुरे," हाल्व्होर म्हणाला. "चूक झाली. मान्य. सोमवारी तोडणी आहे, आज शनिवार. मी गाडी पाठवतो, रंग बदलायचाय असं सांगून शिड्या परत आणतो. दुसऱ्या देतो. बाहेर जाऊन रोसाउराची समजूत काढतो. आणि बाराला ठरल्याप्रमाणे होईल."

"खोटा रंग सांगून?"

"मग काय, सगळ्या खोऱ्यात बोंब मारू? आणि तुला काय, तुला तर आनंदच झाला असेल. खुर्ची तुला हवी होती."

बेरिट लाल झाली. हो, हवी होती तिला. सगळ्या घराला माहीत होतं आणि गेल्या वर्षीच्या नाताळापासून कुणी काढलं नव्हतं. आज काढलं. ती म्हणाली, "हवी होती. अजूनही हवीये. पण मी माझ्या माणसांचा जीव मधे घालून नाही मागत. " तेवढ्यात तिच्या फोनवर निरोप वाजला. तो वाचून ती म्हणाली, "दादा, ऐक. तोडणी सोमवारी नाहीये. गरमीमुळे फळ लवकर पिकलं. रोसाउराचा भाचा त्या बागेतच आहे, त्याने कळवलंय. आज पहाटे पाचपासून तोडतायत."

घड्याळात सव्वासात झाले होते.

साठ शिड्या. प्रत्येकीवर एक माणूस, गळ्यात वीस किलो सफरचंदांची झोळी.

एस्पेनने खिशातून फोन काढला.

"थांब!" हाल्व्होरने हात पुढे केला. "आधी वकिलाला विचारू. 'चूक आमची' हे दोन शब्द तू तोंडातून काढलेस की कारखाना गेला. शंभर वर्षांचा. नुसतं म्हण, तपासणी करायची आहे, जरा खाली उतरा."

"आणि ते म्हणाले दुपारी उतरतो, मग?" बेरिट म्हणाली. "नुसत्या तपासणीला कोण तोडणी थांबवतं? शनिवारी वकील उठतो किती वाजता, सांग ना!"

हाल्व्होर वाईट माणूस नाही हो. तो मुलाला वाचवत होता, आणि मुलाला वाचवताना बापाला बाकीची मुलं दिसत नाहीत. त्याने मला पुढे सांगितलं, "आई, मला त्या क्षणी फक्त त्याचा शर्ट दिसत होता. इतका पांढरा."

एस्पेन फोन हातात घेऊन उभा. माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, या घराण्यात टोपी काढणारा मी पहिलाच ना?"

आता यापुढे जे झालं ते माझं. त्याचं नाही, कुणाचंच नाही.

मी म्हटलं, "पहिला कसला? दुसरा. तुझ्या आजोबांनीही काढली होती. चौऱ्याहत्तर साली. रात्रभर तळमळले आणि सकाळी सगळ्यांसमोर जाऊन सांगितलं. मेले नाहीत त्याने."

खोटं होतं. सपशेल. माझ्या नवऱ्याने, आर्नेने, आयुष्यात कुणाच्या टोपीला हात लावला नाही. लग्नात माझ्या बापाची वाऱ्याने उडालेली टोपीसुद्धा त्याने उचलली नव्हती, बाप स्वतः धावला. हाल्व्होरला हे माहीत होतं, बेरिटला माहीत होतं. हाल्व्होरने तोंड उघडलं. बेरिटने त्याच्या हातावर हात ठेवला. वर्षभरात ती दोघं एका बाजूला आलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि ती माझ्या थापेसाठी. हाल्व्होरने तोंड मिटलं.

एस्पेनने फोन लावला.

"डेल्बर्ट? एस्पेन बोलतोय, शिडी कारखान्यातून. सगळ्यांना खाली उतरवा. नव्या शिड्यांवरून. आत्ताच्या आत्ता."

पलीकडून इतका मोठा आवाज आला की आम्हालाही ऐकू गेला. "आत्ता सांगतोस? अर्ध्या तासापूर्वी एक पायरी सुटली! इग्नासिओ पडला, मनगट गेलंय त्याचं. मला वाटलं एकच शिडी खराब असेल!"

"एक नाही. सगळ्या असू शकतात. उतरवा आधी, मग मला शिव्या द्या. मी फोन धरून ठेवतो."

मग फोनमधून शिट्ट्या ऐकू आल्या. इंग्रजी, स्पॅनिश, धावणं, कुणाच्या तरी बादलीचा खणखणाट. एस्पेन डोळे मिटून उभा होता. माझी आयुष्यात तीन बाळंतपणं झाली, पण ती चार मिनिटं त्यांच्याहून लांब होती.

"उतरले," डेल्बर्ट म्हणाला. "सगळे. आता सांग, कुणाच्या बापाची चूक?"

हाल्व्होर खुर्चीत बसला. मान खाली.

"बापाची नाही. माझी. आमच्या बाईने माल थांबवला होता, तो मी पाठवला. इग्नासिओ कुठल्या दवाखान्यात आहे?"

*

रोसाउरा मेंदिएता आमच्याकडे तीस वर्षं रिव्हेट ठोकते. बुटकी, रुंद, एका कानात मोठं कुंडल, दुसऱ्यात नाही, कारण दुसरा कान ती यंत्राला लावते. त्या दिवशी उजवा गाल पावासारखा फुगलेला. एस्पेन कॉफीचा कप घेऊन दारातून बाहेर आला, मागोमाग आम्ही तिघं, तेव्हा तिने मान वळवली नाही. वळवता येत नव्हती.

त्याने कप तिच्यापुढे ठेवला आणि उभा राहिला.

ती प्यायला लागली. आता विचार करा, ओली जखम, कढत कॉफी, आणि नियम अर्ध्या कपाचा. एक घोट घ्यायची, डोळे मिटायची, डाव्या गालात फिरवायची, गिळायची. मग रुमालाने ओठ टिपायची. बाकीचे तीस जण बघतायत. कुणाचीतरी खुर्ची करकरली तर सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. टेबलावर मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमाल्यांचं पातेलं झाकलेलं, बेरिटचा केक झाकलेला, माशा चकरा मारतायत, त्यासुद्धा हळू. एस्पेनच्या पांढऱ्या शर्टाची पाठ ओली झाली. बारा-तेरा मिनिटं लागली तिला. मी म्हणते, तिने दोन घोट जास्तच घेतले.

मग ती कप खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने "सांग" म्हणायचं होतं. तो म्हणाला, "आधी मी सांगतो."

आणि सांगितलं. बाग, इग्नासिओचं मनगट, सगळे खाली उतरलेत, सगळं. मोठ्याने, मागच्या टेबलापर्यंत जाईल असं. चांगलं बोलला. आणि शेवटी, देवा रे, शेवटी म्हणाला, "टोपी काढणारा मी पहिला नाही. माझ्या आजोबांनीही एकदा काढली होती. त्यांनीही असंच उभं राहून..."

"कधी?" रोसाउरा म्हणाली. सुजल्या तोंडाने, पण स्पष्ट.

"चौऱ्याहत्तर साली."

"माझी आई होती तेव्हा इथे. तिच्या बाकाला माझा पाळणा बांधलेला असायचा." तिने मान नाही, सगळं अंगच वळवलं आणि माझ्याकडे बघितलं. "माझ्या आईने मला आर्नेच्या शंभर गोष्टी सांगितल्या. ही नाही सांगितली. सिग्नाबाई?"

एकतीस उघडी डोकी माझ्याकडे फिरली. मी एकोणनव्वद वर्षांची आहे. अस्वलाने शिडी धरली, पाखरानं घरटं केलं, ढगातून माणूस खाली आला, हे सगळं मी याच अंगणात याच लोकांना सांगितलंय आणि ते पोट धरून हसलेत. कारण मलाही आणि त्यांनाही माहीत असायचं की ती थाप आहे. ही वेगळी होती. ही मी थप्पीवरून कुणाचीतरी टोपी उचलावी तशी उचलली होती.

"थाप होती," मी म्हटलं. "आर्नेने कधी काढली नाही. पोराच्या पायाखाली काहीतरी हवं म्हणून मी घातली."

एस्पेनने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल. हाल्व्होर पुढे यायला निघाला, बेरिटने त्याला बाहीला धरून ओढलं. "राहू दे," ती पुटपुटली. "आत्ता नाही, दादा." तीच बेरिट, जिला खुर्ची हवी होती. तिने ठरवलं असतं तर त्या क्षणी पोराला एका वाक्यात संपवलं असतं. तिने पुढे सांगितलं मला, "आई, वाक्य तयार होतं. जिभेवर. पण त्याने फोन लावताना माझ्याकडे बघितलं नव्हतं, तुझ्याकडे बघितलं होतं. आता तो कुणाकडेच बघत नव्हता. मला बघायचं होतं काय करतो."

तो परत रोसाउराकडे वळला.

"मग पहिला मीच," तो म्हणाला.

रोसाउराने मान डोलावली. थोडीशीच, दुखेल म्हणून. मग तिने आपलं सांगितलं. "रिव्हेट मऊ आहेत. नवा डबा, गुरुवारी आलेला. पोत्यांनी कळत नाही. पोती हलत नाहीत. माणूस वर चढतो, फांदीकडे झुकतो, परत येतो, झुकतो, परत येतो. दोनशे वेळा. मग पायरी सैल होते. ठोकतानाच आवाज वेगळा येतो. चांगला रिव्हेट 'टक्' म्हणतो. हे 'टप्' म्हणत होते." तिने एक बोट वर केलं. "तू काल सकाळी माझ्या मागून गेलास. दोनदा. उभा राहिलास. ऐकलास का आवाज?"

आता हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. आणि उत्तर सोपं होतं, 'नाही' म्हणायचं. कचेरीतला पोरगा, त्याला काय आवाज कळतो? सगळ्यांनी मानलं असतं. हाल्व्होर तर मनातल्या मनात 'नाही म्हण, नाही म्हण' म्हणत होता, त्यानेच कबूल केलंय.

"ऐकला," एस्पेन म्हणाला. "मला वाटलं काहीतरी वेगळं आहे. मग डेल्बर्टचा फोन आला आणि मी ठरवलं की मला कळत नाही."

मागच्या टेबलावर कुणीतरी स्पॅनिशमध्ये एक शिवी घातली. ती शिवी मला येते. पण ती रागाची नव्हती.

रोसाउरा उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

"कान आहेत म्हणजे तुला," ती म्हणाली. "मला वाटलं नाहीत. नसते तर सोपं होतं, आम्ही सोमवारपासून आलोच नसतो." मग हाल्व्होरकडे वळली. "हाल्व्होर, तुझे मासे थांबतील?"

"किती दिवस?"

"हा माझ्या बाकावर बसेल. सकाळी सहाला. रिव्हेट ठोकेल. मला जेव्हा वाटेल की हा ऐकलेलं बोलतो, तेव्हा मी तुला सांगेन."

"आणि केक?" मी विचारलं. मला गप्प बसवत नाही.

"केक खाऊ. केकने काय केलंय?"

हाल्व्होरने मुलाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. बेरिटने खांदे उडवले. माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही. मी त्या सकाळी सल्ला द्यायच्या लायकीची राहिले नव्हते, आणि तेही बरोबरच होतं.

"बरं," तो म्हणाला. "मी आहे इथे."

एस्पेन तोवर गाडीच्या किल्ल्या घेऊन आलासुद्धा. साठ शिड्या परत आणायच्या होत्या, आणि त्याआधी दवाखान्यात जायचं होतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत चढवून तो गाडीत चढला आणि स्टिअरिंगमागे बसला. रोसाउरा दुसऱ्या बाजूला गेली नाही. ती त्याच्याच दाराशी आली, दार उघडलं, आणि सुजलेला गाल हाताने धरून म्हणाली,

"सरक तिकडे. चालवणार मी."

तो सरकला.